प्रश्न तुमचे, उत्तरे आमची : पडीक माळावरचे सेंद्रिय पशुपालन

पडीक जमीन सुधारून तिच्यावर सेंद्रिय पद्धतीने जनावरे पाळण्याबद्दल आलेले प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे न देता फक्त तालुका दिला आहे.

प्रश्न : आमची १२ एकर वडिलोपार्जित जमीन बरीच वर्षे पड आहे. मुरमाड माळ, थोडा उतार, कुसळी गवत आणि मधूनमधून वेडी बाभूळ. ५० उस्मानाबादी शेळ्यांसाठी कर्ज मंजूर होत आले आहे. आधी शेड बांधावे की कुंपण घालावे? (सांगोला)

दोन्ही थांबवा आणि आधी गवत मोजा. त्याला एक दिवस लागतो, खर्च काही नाही.

लोखंडी सळईची किंवा बांबूची १ मीटर × १ मीटर चौकट करा. ऑक्टोबरअखेर, गवत पूर्ण वाढलेले असताना, माळावर निरनिराळ्या दहा ठिकाणी ती टाका. चांगले गवत दिसेल तिथेच टाकायचा मोह होतो. तसे करू नका, उघडा मुरूम आला तर तोही मोजा. चौकटीतले गवत जमिनीपासून दोन इंच ठेवून कापा, वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवा आणि तोला. दहा ठिकाणची सरासरी जितके ग्रॅम येईल त्याला चारने गुणले की एकरी किती किलो वाळले गवत आहे ते कळते, कारण एकरात साधारण ४,०४७ चौरस मीटर असतात.

समजा सरासरी ८० ग्रॅम आली. म्हणजे एकरी ३२० किलो आणि १२ एकरांत ३,८४० किलो. यातले निम्मेच तुमचे. उरलेले निम्मे गवताच्या मुळांसाठी आणि पावसाचा मार झेलण्यासाठी रानातच राहायला हवे. तेही चारले तर पुढच्या वर्षी ८० चे ५० होतात. तुमच्या हाती आले १,९२० किलो. ३० ते ३५ किलो वजनाची शेळी दिवसाला सरासरी सव्वा किलोच्या आसपास कोरडा चारा खाते, वर्षाला साधारण ४४० किलो. हिशेब बसतो चार शेळ्यांचा. झाडपाला धरून फार तर सहा. पन्नास शेळ्यांना वर्षाला २२ टन लागतील, म्हणजे २० टन विकत. त्या विकतच्या चाऱ्यावर काय फवारले होते हे तुम्हाला कळणार नाही, आणि सेंद्रिय हा शब्द तिथेच संपतो.

हाच माळ नीट राखला तर तीन-चार वर्षांत सरासरी ३५० ग्रॅमपर्यंत जाऊ शकते. तेव्हा १२ एकरांत अठरा-एकोणीस शेळ्या निव्वळ गवतावर बसतात, चाऱ्याची झाडे आणि ओलिताखालचा एक-दोन एकर चारा असेल तर आणखी. म्हणून आमचे स्पष्ट मत असे, की पन्नास शेळ्यांचे कर्ज आता उचलू नका. हप्ता पहिल्या वर्षापासून सुरू होतो, गवत तिसऱ्या वर्षी येते. पाच चांगल्या पाटी (तरुण, न व्यालेल्या शेळ्या) घ्या, बोकड गावातला वापरा. उस्मानाबादीत जुळे सर्रास होते. माद्या राखल्या की माळ वाढेल तसा कळपही वाढतो.

पहिल्या वर्षी चराई पूर्ण बंद ठेवा. कुसळी सोडून बाकीचे गवत कापायचे तेही बी झडल्यावर. हे बी म्हणजे तुमचे फुकटचे बियाणे. वेडी बाभूळ नुसती तोडली तर बुंध्यापासून दहा फांद्या फुटतात. बुंध्याभोवती खणून जमिनीखाली वीतभर खोलीवर मूळ तोडावे लागते. देशी बाभूळ, बोर, आपटा असेल त्याला हात लावू नका. कुसळीला घाबरायचे कारण नाही. कोवळेपणी ती चांगली वैरण आहे, फक्त कुसळे धरायच्या आत कापली पाहिजे. एकदा कुसळे पिकली की ती जनावराच्या तोंडात, डोळ्यात आणि मेंढीच्या कातड्यात घुसतात. माळाला विसावा मिळाला की मारवेल, पवना, शेडा ही गवते दगडांच्या आडून आपण होऊन वर येतात.

एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. सोलापूर, सांगली, अहिल्यानगरकडचा माळ म्हणजे बिघडलेले जंगल नव्हे. गवताळ माळ हेच त्याचे मूळ रूप आहे. लांडगा, खोकड, माळढोक त्यावरच जगत आले. त्यावर दाट झाडी लावून सावली केली की गवत मरते. झाडे बांधाला आणि चरांच्या कडेला लावा, मधला माळ उघडा राहू द्या.

प्रश्न : मागच्या पावसाळ्यात जेसीबीने चर खोदले आणि अंजन गवत व स्टायलोचे (शेंगवर्गीय चारापिकाचे) बी टाकले. दोन चर फुटून घळ पडली, बी दहा टक्केही उगवले नाही. बी नवेच होते, शेजाऱ्याकडून त्याच हंगामात घेतले होते. (जत)

दोन्ही गोष्टींची कारणे तुमच्या पत्रातच आहेत.

आधी चर. नजरेने आखलेला चर समतल नसतो. १०० फुटांत अर्धा फूट फरक पडला तरी सगळे पाणी खालच्या टोकाला गोळा होते, तिथे भर (चराच्या काठावर टाकलेली माती) फोडते आणि चराचा नाला होतो. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली लेव्हलची नळी घ्या किंवा बांबूची ए-फ्रेम (इंग्रजी A च्या आकाराची चौकट) करून ओळंबा बांधा. दर चार-पाच मीटरला खुंटी मारा, खुंट्यांवरून फक्कीची रेघ ओढा, मगच खोदा. काम माथ्यापासून पायथ्याकडे. खाली आधी खोदले तर वरचे सगळे पाणी त्यावर येते.

माप ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल पुरते. खोदलेली माती उताराच्या बाजूला, चराच्या काठापासून वीतभर जागा सोडून टाका, नाहीतर पहिल्याच पावसात ती परत चरात येते. अंतराचा हिशेब असा : या मापाच्या एक मीटर चरात ०.१८ घनमीटर पाणी मावते. दोन चरांत ८ मीटर अंतर ठेवले तर वरच्या प्रत्येक चौरस मीटरवरून वाहून आलेले २२ मिलिमीटर पाणी तो धरतो. मुरमाड माळावर ४५-५० मिलिमीटरच्या सरीतले साधारण निम्मे वाहते असे धरले तर हे अंतर बरोबर बसते. उतार जास्त असेल, खडक उघडा असेल तर अंतर कमी करा. एकराला सुमारे ५०० मीटर चर होतो. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे सलग चरात दर १५-२० मीटरवर फूटभर रुंदीचा न खोदलेला आडवा भाग ठेवा. आखणीत चूक राहिली तरी पाणी एका टोकाला धावत नाही. फुटलेल्या दोन ठिकाणी आता दगडांची ताल (रचीव बांध) घाला, तिथे पुन्हा मातीची भर टिकणार नाही. जिथे गवत मुळातच दाट आहे तिथे चर खोदूच नका.

आता बी. अंजनाचे ताजे बी काही महिने सुप्तावस्थेत असते. गवताचे बी वर्षभर जुने चांगले, धान्यापेक्षा उलट. स्टायलोचे कवच इतके टणक असते की पाणी आत शिरत नाही. ८० अंश सेल्सिअस तापलेल्या पाण्यात बी चार-पाच मिनिटे ठेवा, लगेच गार पाण्यात काढा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. उकळते पाणी वापरले तर बी मरते, म्हणून थर्मामीटर वापरा. तिसरे कारण बहुधा खोली. ही बिया एक सेंटिमीटरपेक्षा खाली गेली की वर येत नाहीत. नांगर, कुळव काही नको. पहिला चांगला पाऊस झाल्यावर दाताळ्याने माती ओरखडून बी टाका आणि बाभळीची फांदी फिरवा.

अंजनाचे बी हलके, केसाळ असते. वाऱ्याने उडते, मुंग्या नेतात. त्यासाठी गोळ्या करा : मापाने एक भाग बी, एक भाग शेण, तीन भाग चिकणमाती, एक भाग वाळू. हरभऱ्याएवढ्या गोळ्या सावलीत वाळवून ठेवा. एकरी अंजन २ किलो आणि स्टायलो दीड-दोन किलो पुरे. पेरण्याआधी १०० बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून बघा. दहा दिवसांत तीस-चाळीसही उगवल्या नाहीत तर बियाण्याचे प्रमाण वाढवा. मारवेल मात्र बियांपेक्षा ठोंबांनी लवकर बसते. चराच्या भरावर ४५ × ३० सेंटिमीटरवर मुळांसकट ठोंब लावा, पुढे ती स्वतः पसरते.

प्रश्न : कालवडीच्या नाकावरची आणि कानांवरची कातडी सोलली, डोळे पिवळे पडले, शेण बंद झाले. रानात टणटणी खूप आहे. त्यामुळे असेल का? (मुळशी)

लक्षणे टणटणीच्या, म्हणजे घाणेरीच्या, विषबाधेचीच आहेत. तिचे विष यकृतावर जाते, मग उन्हात अंगाचा पांढरा, उघडा भाग भाजतो. कालवडीला लगेच अंधाऱ्या गोठ्यात बांधा, उन्हात अजिबात काढू नका आणि आजच पशुवैद्यकाला बोलवा. पोटातले विष शोषण्यासाठी ते सक्रिय कोळशाची भुकटी देतात, शिरेतून सलाईन लावतात. उशीर झाला तर जनावर हाती लागत नाही. कावीळ म्हणून घरगुती उपायांत दिवस घालवू नका.

जनावर टणटणी आवडीने खात नाही. दुसरे काही नसते तेव्हा किंवा नवीन आणलेले, अनोळखी जनावर खाते. झुडूप वरून छाटले तर दुप्पट जोमाने येते. कुदळीने मुख्य मूळ जमिनीखाली दोन इंचांवर तोडा आणि झुडूप मुळे वर करून जागच्या जागी उलटे ठेवा. मोकळ्या जागेत त्याच पावसात गवत लावा. रिकामी ठेवली तर पक्ष्यांनी टाकलेले बी ती पुन्हा भरून काढते. पुढचे दोन पावसाळे रोपे उपटत राहावे लागेल. गाजर गवताचेही असेच : फुलोऱ्याआधी, ओल्या जमिनीतून, हातमोजे घालून मुळासकट उपटा. फुलण्याआधी उपटलेले कंपोस्टमध्ये चालते, फुललेले नाही. दुभती गाय ते खाते तेव्हा दुधाला कडवट वास येतो, हेही लक्षात असू द्या.

प्रश्न : कुंपणाच्या तारेत वीज सोडणारे झटका मशीन बसवले. पावसाळ्यात चांगले चालले, फेब्रुवारीपासून शेळ्या तारेखालून खुशाल जातात. मशीन खराब झाले का? (फलटण)

बहुधा नाही, अर्थिंग कमी पडते आहे. कोरड्या मुरमातून वीज परत मशीनकडे येत नाही, म्हणून जनावराला झटका लागत नाही. दीड मीटर लांबीच्या तीन जस्ती सळया एकमेकींपासून दहा फुटांवर ठोका, एकाच तारेने जोडा, भोवती कोळसा-मीठ भरा आणि उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी घाला. तरीही जमले नाही तर एकाआड एक तार अर्थिंगला जोडा, म्हणजे दोन तारांना एकदम अंग लागले की झटका बसतो. कुंपणाच्या शेवटच्या टोकाला व्होल्टेज मोजा. तिथे ३,००० व्होल्टच्या खाली गेले तर शेळी थांबत नाही. शेळीसाठी सर्वांत खालची तार जमिनीपासून सहा-सात इंचांवर हवी आणि तिला टेकलेले गवत वरचेवर कापले पाहिजे.

प्रश्न : सेंद्रिय पद्धतीत जंताचे औषध चालत नाही म्हणून शेळ्यांना दिले नाही. श्रावणात दोन मेल्या, जबड्याखाली सूज होती. (संगमनेर)

सेंद्रिय म्हणजे आजारी जनावराला औषध नाकारणे, हा समज फार नुकसान करतो. कोणतेही सेंद्रिय मानक तसे म्हणत नाही. औषध सरसकट, वेळापत्रकाने, सगळ्या कळपाला देणे चालत नाही. आजारी जनावराला पशुवैद्यकाच्या सल्ल्याने देणे चालते, नोंद ठेवावी लागते आणि दूध-मांस विकण्यासाठी थांबायचा काळ नेहमीपेक्षा साधारण दुप्पट धरावा लागतो. लसी तर चालतातच. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी, मे महिन्यात टोचून घ्या. पहिल्या कोवळ्या गवतावर शेळ्या तुटून पडतात तेव्हा हा रोग येतो. पहिल्यांदा टोचताना १५ दिवसांनी दुसरी मात्रा लागते. पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या सांसर्गिक रोगाची) लस तीन वर्षांतून एकदा, पिलांना चार महिन्यांचे झाल्यावर.

तुमच्या शेळ्या बहुधा रक्त पिणाऱ्या गोल जंतांनी गेल्या. शेळीची खालची पापणी अंगठ्याने ओढून आतला रंग बघा. लालबुंद असेल तर ठीक, फिकट गुलाबी असेल तर लक्ष ठेवा, पांढरट असेल तर त्याच दिवशी औषध. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी सगळा कळप असा तपासा आणि फक्त फिक्या शेळ्यांना औषध द्या. सगळ्यांना दिले की जंतांना त्याची सवय होते आणि दोन-तीन वर्षांत ते लागू पडेनासे होते. तीच तीच शेळी वारंवार फिकी पडत असेल तर तिची पिले पैदाशीला ठेवू नका.

खरा इलाज चराईच्या पद्धतीत आहे. लेंडीतल्या अंड्यातून बाहेर पडलेली अळी उबदार, ओल्या हवेत पाच ते सात दिवसांत गवतावर चढते आणि बहुतेक खालच्या दोन इंचांतच राहते. म्हणून एका तुकड्यात कळप चार दिवसांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, गवत चार इंच उरले की हलवायचा आणि त्या तुकड्यात निदान चाळीस-पंचेचाळीस दिवस परत यायचे नाही. बारा तुकडे केले तर हे गणित जुळते. झटक्याच्या हलत्या जाळीने ते कमी खर्चात होतात. दव वाळल्यावरच शेळ्या सोडा. शेळ्यांनंतर त्याच तुकड्यात गाय फिरवली तर शेळीच्या बहुतेक जंतांच्या अळ्या गाईच्या पोटात मरतात. शेळीला वर मान करून पाला खाऊ दिला तर ती जंत कमी घेते; बाभळीच्या पाल्यातला तुरटपणाही उपयोगी पडतो.

प्रश्न : सेंद्रिय प्रमाणपत्र कधी मिळेल? जमीन पडच होती, मग थांबायचे कशाला? (बीड)

दोन वाटा आहेत. निर्यात किंवा मोठ्या बाजारासाठी राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम, ज्यात मान्यताप्राप्त संस्था तपासणी करते. स्थानिक विक्रीसाठी पीजीएस-इंडिया. त्यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट करावा लागतो, सदस्य एकमेकांची शेते तपासतात आणि खर्च अगदी कमी येतो. पाच-दहा शेळ्या आणि दोन गाईंसाठी पीजीएसच घ्या. हंगामी पिकांच्या जमिनीला रूपांतराची (सेंद्रिय पद्धतीकडे वळण्याची) दोन वर्षे, बहुवर्षायू पिकांना तीन वर्षे धरतात. जमीन पड होती हे तोंडी सांगून भागत नाही. सातबाऱ्यावरच्या पीक पाहणीतली ‘पड’ची नोंद काढून ठेवा आणि ती पहिल्याच अर्जाला जोडा. जनावरांच्या रूपांतराचा काळ वेगळा मोजतात, तो जनावरे आणण्याआधीच लेखी घ्या.

आपल्याकडे प्रमाणपत्र अडते ते बहुधा खुराकावर. सरकी पेंड जवळजवळ सगळी बीटी कपाशीची असते आणि जनुकीय बदल केलेले काहीही सेंद्रियमध्ये चालत नाही. तशीच युरिया प्रक्रिया केलेली वैरण. एरवी तिची शिफारस होते, इथे ती बाद. प्रथिनांसाठी सेंद्रिय तूर-हरभऱ्याचा भुसा, सेंद्रिय शेंगदाण्याची पेंड, स्टायलो, शेवरी, हादगा यांवर भागवावे लागते.

प्रश्न : उन्हाळ्यात सुबाभळीवर शेळ्या काढल्या, केस गळू लागले. (औसा)

सुबाभळीतल्या मिमोसिन या विषारी घटकामुळे. एकूण चाऱ्यात ती एक तृतीयांशाच्या आतच ठेवा. आता पंधरा दिवस बंद करा, केस परत येतात. उन्हाळ्याची सोय ऑक्टोबरमध्ये करायची असते : गवत फुलोऱ्यात असताना कापून, सावलीत वाळवून, हिरवट रंग राखून गंजी लावा. डिसेंबरात पिवळे कापलेले गवत पोट भरते, अंगी लागत नाही. गिरीपुष्पाचा पाला रात्रभर सुकवून दिला की वास कमी होऊन शेळ्या खातात. शेळीमागे रोज १० ग्रॅम खनिज मिश्रण विसरू नका. प्रमाणपत्र घेणार असाल तर मान्य यादीतलेच.

प्रश्न : माळावर खिलार गाई पाळाव्यात का? (मंगळवेढा)

खिलार ही कामाची जात आहे, दूध वासरापुरते आणि घरापुरते. शेणखत आणि बैलजोडीसाठी एक-दोन ठेवा. २०१५ पासून राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे गोऱ्हा ओढकामासाठी विकला जाईल का हे आधी पाहा. दूध विकायचे असेल तर पंढरपुरी म्हैस तुमच्या भागाला जास्त जुळते.

प्रश्न : धनगरांच्या मेंढ्या पडीक रानात बसवल्या तर जमीन सुधारेल का? आमच्याकडे आधीच पंधरा शेळ्या आहेत. (पुरंदर)

नक्की सुधारते. लेंडी आणि मूत्र दोन्ही जागेवरच मुरते, वाहतूक नाही. पण तीन अटी पाळा. मेंढ्या उन्हाळ्यात, गवत वाळून बी झडल्यावर बसवा. पावसात बसवल्या तर ओल्या जमिनीवर खुरांनी कोवळे ठोंब तुटतात. वाघर (मेंढ्या कोंडायची जाळी) रोज हलवायला सांगा, कारण एकाच जागी चार रात्री बसवल्या तर तिथे मूत्र साचून गवत जळते आणि शेजारची जमीन कोरीच राहते. सुरुवात चरांच्या वरच्या बाजूला, सर्वांत उघड्या मुरमापासून करा. तिसरी अट म्हणजे कळप आधी कुठे चरत होता ते विचारा. वेडी बाभळीच्या शेंगा खाऊन आलेला असेल तर लेंडीतून तेच बी तुमच्या रानात उगवते. अशा कळपाला आधी तीन-चार दिवस दुसरीकडे चारून मग घ्या. तुमच्या शेळ्यांना पीपीआरची लस झालेली असावी आणि मेंढ्या असेपर्यंत त्यांना वेगळ्या हौदावर पाणी पाजा. ठरलेले धान्य किंवा पैसे आधी बोलून घ्या, आणि मेंढपाळांच्या कुटुंबाला मुक्कामात पिण्याचे पाणी मिळेल अशी जागा द्या.